माइनक्राफ्ट: एन्शंट डेब्री शोधायची कशी, वापरायची कुठे?
मंडळी, मदत हवी आहे. माइनक्राफ्ट या खेळातल्या नेदरमध्ये (नरकासारखं वेगळं जग) एन्शंट डेब्री, म्हणजे नेदराइट हा मजबूत धातू देणारं दुर्मिळ खनिज, शोधायला वाय १५ च्या पातळीवर (वाय म्हणजे उंचीचा आकडा) सरळ बोगदा खणतोय, हातात हिऱ्याची कुदळ. डेब्री उघड्यावर दिसतच नाही, त्यामुळे सगळा आंधळा कारभार! पलंगाचा स्फोट करून (नेदरमध्ये पलंगावर झोपायला गेलं की तो फुटतो) खणणं जास्त फायद्याचं की टीएनटी? डेब्री स्फोटाने फुटत नाही हे माहीत आहे, पण लाव्हा अंगावर आला तर काय? फायर रेझिस्टन्सचं (आगीपासून वाचवणारं) औषध सतत पिऊन राहता का?

दुसरं, डेब्री भट्टीत वितळवून मिळणारे चार स्क्रॅप आणि चार सोन्याच्या विटांतून नेदराइटची एकच वीट मिळते. ती आधी कुदळीला लावू की चिलखताला? माझा कल चिलखताकडे आहे. अपग्रेड टेम्प्लेट (हिऱ्याची वस्तू नेदराइटची करायला लागणारा, एकदा वापरला की संपणारा साचा) बॅस्टियनमधून (नेदरमधला पडका किल्ला) आणलंय, एकच. वापरण्याआधी सात हिरे घालून त्याची नक्कल करून ठेवावी ना?