नव्या इक्विपमेंट स्पॉन्सरचा करार आलाय, सही करण्याआधी काय काय बघू?

हेदवीची रायडर

नमस्कार मंडळी. मी गुहागर तालुक्यातली, यंदापासून पूर्ण वेळ रोड रेसिंग करतेय. आत्ता माझ्याकडे ॲल्युमिनियमची फ्रेम, शिमानो अल्टेग्राचा ११ स्पीड गिअर सेट आणि रिम ब्रेक आहेत. एका परदेशी ब्रँडच्या इथल्या वितरकाने दोन वर्षांचा करार पाठवलाय. कार्बन फ्रेम, स्रॅम फोर्सचा वायरलेस ग्रुपसेट (गिअर-ब्रेकचा संच), डिस्क ब्रेक, हुकलेस (टायर धरणारी आतली कड नसलेली) कार्बन चाकं. शिवाय हेल्मेट, बूट, पेडल आणि सॅडल (सीट) सुद्धा त्यांचंच. मानधन नाही, पण रेसच्या प्रवासाचा काही खर्च देणार आहेत. अट अशी की सरावात आणि रेसमध्ये माझ्याजवळ दुसऱ्या कुठल्याही कंपनीची वस्तू असता कामा नये.

घरी आनंदीआनंद आहे, आईने देवापुढे साखरसुद्धा ठेवली. मला मात्र झोप नाही. आत्ताची सॅडल सापडेपर्यंत मी जे भोगलंय ते बायकांना वेगळं सांगायला नको. डावा गुडघा मधूनमधून कुरकुरतो, म्हणून क्लीट (बूट पेडलला अडकवणारी बुटाखालची पट्टी) पिवळ्या वापरते. घर समुद्राला लागून, दाराच्या कडीलाही गंज चढतो. रोजचा सराव गुहागर–वेळणेश्वर–हेदवी आणि रविवारी चिपळूणवरून कुंभार्ली घाट. इथे किनाऱ्यावर असली सायकल कोणी सांभाळली आहे का? आणि करारात काही बदलून मागितलं तर ते लोक नाराज होतील का?

दापोलीचा पेडलवाला

ताई, आधी अभिनंदन! मी तर म्हणेन सही करून मोकळी हो. कोकणातल्या मुलीला असं कोण विचारतं? सॅडलची सवय होते हळूहळू.

चिपळूणचा मिस्त्री

दापोलीकर, सॅडलची सवय होत नाही, जखम होते. माझ्याकडे दुरुस्तीला येणारी पोरं कंपनीची सॅडल म्हणून सहन करत बसतात आणि ऐन मोसमात आठवडे घरी काढतात. मी हे काम आयुष्यभर करत आलोय, म्हणून कळकळीने लिहितो.

पोरी, फ्रेम कोणाची, गिअर कोणाचे, यावर भांडू नकोस. आज ज्या दर्जाचं सामान मिळतं त्यात उन्नीस-बीस. पण शरीर सायकलला टेकतं त्या जागा तुझ्याच राहू देत: सॅडल, पेडल-क्लीट, बूट आणि क्रँकची (पेडलच्या दांड्याची) लांबी. तुझ्या शिमानोच्या पिवळ्या एसपीडी-एसएल क्लीट पायाला ६ अंश हलू देतात, निळ्या २ आणि लाल अजिबात नाही. लूक कंपनीच्या कियो क्लीटमध्ये काळ्या ०, करड्या ४.५ आणि लाल ९. म्हणजे लाल रंग एका कंपनीत पाय जखडतो, दुसरीत सगळ्यात मोकळा सोडतो. कुरकुरणाऱ्या गुडघ्याला हा फरक किलोमीटरगणिक कळतो. क्रँक किती मिलिमीटरचा देणार ते लेखी विचार. टूर द फ्रान्स जिंकणारा पोगाचारसुद्धा २०२४ मध्ये १६५ वर आला, तेव्हा आखूड क्रँक मागायला लाजू नकोस. पूर्वी दुकानदार हसायचे, आता हसत नाहीत.

आता खारी हवा. कार्बन आणि ॲल्युमिनियम एकमेकांना चिकटून असले आणि मध्ये मिठाचं पाणी गेलं, की ॲल्युमिनियम खाल्लं जातं. कार्बन तसाच राहतो आणि त्यातला ॲल्युमिनियमचा भाग पांढरी भुकटी होऊन अडकून बसतो. कार्बन रिमच्या ॲल्युमिनियम निपलचंही (आरा रिमला धरणाऱ्या छोट्या नटाचंही) तेच. आमच्याकडे एक चाक आलं होतं, आरा ताणायला पाना लावला तर निपल हातात तुटून आलं. तेव्हा चाकं पितळी निपलची माग. सीटपोस्टला (सॅडलखालच्या दांड्याला) कार्बन पेस्ट, बोल्टना ग्रीस आणि समुद्राकाठून आलीस की गोड्या पाण्याने धुवायची. प्रेशर वॉशर बेअरिंगवर मारायचा नाही. हँडलची टेप दर काही महिन्यांनी सोडून खाली बघायचं, घाम आणि मीठ तिथेच साचतं. वॉरंटीत गंज बहुधा धरलेला नसतो, ते कलम नीट वाच.

ब्रेकच्या तेलाचं ऐक. शिमानोत मिनरल ऑइल असतं, तुला मिळणाऱ्या स्रॅम फोर्समध्ये डॉट, म्हणजे गाड्यांचं ब्रेक ऑइल. डॉट हवेतली ओल शोषतं आणि मग त्याचा उत्कलनबिंदू उतरतो. आपल्याकडे पावसाळ्यात भिंतीही घाम फोडतात, त्यामुळे वर्षातून एकदा ब्लीड (जुनं तेल आणि हवा काढून नवं भरणं) करायचंच, पावसाळा संपल्यावर. कुंभार्ली उतरताना त्याचं महत्त्व कळेल. सोय अशी की डॉट ४ किंवा ५.१ चालतं आणि ते मोटारसायकलच्या दुकानातही मिळतं. रंगावर सांडलं तर रंग जातो. मिनरल आणि डॉट चुकूनही एकत्र करू नका, सील फुगून वाया जातात.

गिअरचं टेन्शन घेऊ नकोस. पुढच्या चकत्या ४८-३५ दात्यांच्या ऐकून मुली घाबरतात की सपाटीवर कमी पडेल. पुढे ४८ ला मागे १० म्हणजे ४.८, तुझं ५२ ला ११ म्हणजे ४.७३. उलट घाटात ३५ ला ३३ मिळालं तर पाय वाचतील.

हुकलेसला ५ बार, म्हणजे ७२.५ पीएसआय, ही वरची मर्यादा. तुझ्यासारख्या हलक्या रायडरला २८ च्या टायरमध्ये तेवढी हवा लागतच नाही, त्यामुळे भीती नाही. पण टायर कंपनीने हुकलेससाठी मान्य केलेलाच हवा, मापासकट. गुहागरात फुटला तर दुकानात मिळेल तो चढवू नकोस. जादा टायर आणि दोन हँगर (मागचं गिअर फ्रेमला धरणारा तुकडा) घरात असायलाच हवेत, ते करारात लिहून घे.

जुना रेसर, रत्नागिरी

मिस्त्रीकाकांनी मोठं काम केलं. मी फक्त मोठ्या लोकांचं सांगतो, म्हणजे मागायला धीर येईल. तीन वेळा जगज्जेता झालेला पीटर सागान २०१७ मध्ये बोरा टीमकडे गेला, २०२२ मध्ये टोटलएनर्जीजकडे. दोन्ही वेळा स्पेशलाइज्डच्या सायकली त्याच्याबरोबर त्या टीममध्ये आल्या. एका रायडरची ओढ एवढी असू शकते. उलट बाजू ख्रिस फ्रूमची. २०२१ मध्ये नव्या टीममध्ये फॅक्टर कंपनीची डिस्क ब्रेकची सायकल मिळाली आणि चार वेळा टूर द फ्रान्स जिंकलेल्या त्या माणसाने उघडपणे सांगितलं की लांब उतारावर डिस्क घासतात, पटत नाही. त्याचं त्या कंपनीशी काही बिघडलं नाही. प्रामाणिक तक्रार कंपनीला उपयोगीच पडते. तू अजून त्या उंचीवर नाहीस, पण सॅडलची सूट मागणं ही रोजची गोष्ट आहे.

बदलाची वेळ तू ठरव. युरोपातल्या टीमना नवं सामान हिवाळ्यात मिळतं, जानेवारीच्या आधी अंगवळणी पडावं म्हणून. आपल्याकडे तसा रेस नसलेला काळ म्हणजे पावसाळा, जून ते सप्टेंबर. तेव्हा ट्रेनरवर (सायकल जागेवर चालवायच्या स्टँडवर) बसून पोझिशन पक्की कर. नॅशनल्सच्या (राष्ट्रीय स्पर्धेच्या) तोंडावर काहीही बदलू नकोस. आणि नॅशनल कॅम्पला निवड झाली तर तिथले नियम करारापेक्षा वर राहतील, हे एक वाक्य घालून घे.

हिशेबनीस, कुडाळ

एक कोरडी पण खर्चिक गोष्ट. १ जुलै २०२२ पासून धंद्यात किंवा व्यवसायात वस्तुरूपाने मिळालेला फायदा वर्षाला २०,००० रुपयांच्या वर गेला, की देणाऱ्याने १० टक्के टीडीएस भरायचा असतो. सायकल तुमची होणार की दोन वर्षांनी परत करायची, हे करारात स्पष्ट हवं. परत द्यायची असेल तर चित्र वेगळं. चोरी आणि अपघाताचा विमा कोणी उतरवायचा तेही लिहून घ्या.

हेदवीची रायडर

सगळ्यांचे मनापासून आभार. आज वितरकाशी बोलले. सॅडलला लगेच हो म्हणाले, फक्त लोगो झाकायचा. पेडलला कुरकुर केली, पण गुडघ्याच्या डॉक्टरांचं पत्र दिलं तर चालेल म्हणाले. सायकल परत करायची आहे. अडलंय ते पावसाळ्यावर. मला जुनी ॲल्युमिनियमची सायकल ट्रेनरला आणि पावसात वापरायची आहे, तर ते म्हणतात सराव म्हणजे सराव, सायकल आमचीच हवी. काका, काय करू?

चिपळूणचा मिस्त्री

इथे मात्र हटू नकोस. त्यांना सांग, जून ते सप्टेंबर किनाऱ्यावरच्या पावसात तुमची सायकल फिरवली तर मोसम सुरू होईपर्यंत बेअरिंग, चेन, रोटर सगळं बदलावं लागेल आणि ते बिल तुमचं. जुनीचा फोटो कुठे टाकणार नाही, एवढं लिहून दे. जाहिरात त्यांना फोटोतून हवी असते, पावसातल्या चिखलातून नाही. तरी ऐकलं नाहीत तर पावसाळ्यासाठी दुसरी साधी फ्रेम आणि चाकांची जादा जोडी त्यांच्याकडूनच माग. तुझी जुनी चाकं रिम ब्रेकची, ती नव्या डिस्क ब्रेकच्या फ्रेमला बसणार नाहीत.

आणि जुनी सायकल कोणाला देण्याआधी माझ्याकडे घेऊन ये. बॉटम ब्रॅकेटच्या (क्रँक फिरतो त्या बेअरिंगच्या) मध्यापासून सॅडलचा माथा, सॅडलच्या नाकापासून हँडल, हँडल सॅडलपेक्षा किती खाली, सगळं मोजून कागदावर देतो. दोन कंपन्यांची ५२ साइजची फ्रेम सारखी नसते, त्यामुळे साइज या मापांवरून मागायची. सोमवारी दुकान बंद असतं, मंगळवारी सकाळी ये.