जगाचा इतिहास मुलांना ख्रिस्ती नजरेतून शिकवावा का?

तलावपाळीची आई:
ठाण्यात चर्चमधल्या रविवारच्या धर्मशिक्षणाला सहावी ते आठवीची चौदा मुलं येतात. मे महिन्याच्या सुट्टीत त्यांना जगाचा इतिहास ख्रिस्ती नजरेतून शिकवायचं मी अंगावर घेतलंय. शाळेच्या पुस्तकात आम्ही येतो ते पोर्तुगिजांबरोबर, आणि १७३९ ला चिमाजी अप्पांनी वसई जिंकली की गायब होतो. माझ्या मुलीला वर्गात विचारलं, "तुम्ही पोर्तुगीज ना?" ती रडत घरी आली. आमच्या घरात पिढ्यानपिढ्या मराठी बोलतात.

सुरुवात ठाण्यापासूनच करणार आहे. १३२१ च्या एप्रिलमध्ये चीनला निघालेले चार फ्रान्सिस्कन साधू इथे ठाण्यात मारले गेले. वसईचा किल्ला पोर्तुगिजांच्या हाती जाण्याच्या दोनशे वर्षं आधीची ही गोष्ट. त्यांची हाडं ओडोरिक नावाच्या साधूने पुढे चीनपर्यंत नेली. मग फादर स्टीफन्स, ज्यांचं मराठी ख्रिस्तपुराण १६१६ ला छापलं गेलं. मग गुलामांच्या व्यापाराविरुद्ध लढलेले विल्बरफोर्स. इतिहासात देव काम करतो ही माझी श्रद्धा आहे, ती मुलांपासून लपवणार नाही. तुम्हाला काय वाटतं?

कळव्याचा इतिहास शिक्षक:
ताई, मुलीचं ऐकून वाईट वाटलं. तरी माझा विरोध आहे. बावीस वर्षं इतिहास शिकवतोय. आधी नजर ठरली की तिला सोयीचे तेवढेच पुरावे दिसतात. तुमचीच यादी बघा, सगळी भली माणसं. १८०७ ला ब्रिटिश संसदेने गुलामांचा व्यापार बंद केला, त्यामागे विल्बरफोर्स होते, खरं आहे. पण १४५५ ला पोप पाचवे निकोलस यांनी पोर्तुगालच्या राजाला बिगरख्रिस्ती लोकांना कायमचं गुलाम करायची मुभा लिहून दिली, ती कुठे आहे? १०९९ ला ख्रिस्ती धर्मयोद्ध्यांनी, म्हणजे क्रुसेडर्सनी केलेली जेरुसलेममधली कत्तल? गोव्याचं इन्क्विझिशन, म्हणजे धर्म नीट पाळत नाहीत म्हणून लोकांना शिक्षा करणारं चर्चचं न्यायालय, १५६० पासून १८१२ पर्यंत चाललं, मधली थोडी वर्षं सोडून. आपापल्या नजरेचा इतिहास प्रत्येक समाज शिकवायला लागला तर माझ्या वर्गात चाळीस मुलं चाळीस देश घेऊन बसतील.

नेरूळचे बाबा:
सर, बिननजरेचा इतिहास कुठे असतो? मी मुलाला घरीच शिकवतो, पुस्तकं अमेरिकेतून मागवली. कालरेषा निर्मितीपासून सुरू होते, इ.स.पूर्व ४००४. अब्राहाम, मोशे, रोम सगळं एका धाग्यात येतं. मुलाला कळतं की जग उगाच चाललेलं नाही. ताईंनी अर्धवट करू नये, बायबलपासूनच सुरुवात करावी.

तलावपाळीची आई:
भाऊ, इथे मी तुमच्यासोबत नाही. ४००४ हा आकडा बायबलमध्ये लिहिलेला नाही. आयर्लंडचे आर्चबिशप अशर यांनी १६५० साली वंशावळ्या आणि राजांची वर्षं जुळवून तो काढला. माणूस विद्वान होता, त्याच्या काळात जे हाताशी होतं त्यावरून हिशोब केला. पण बलुचिस्तानात मेहरगडला इ.स.पूर्व ७००० च्या सुमाराला लोक गहू-जव पिकवत होते. विश्वाची सुरुवात एका अतिघन बिंदूपासून झाली असावी असं १९३१ ला मांडणारे बेल्जियमचे शास्त्रज्ञ लमेत्र स्वतः कॅथलिक फादर होते. मुलगा उद्या कॉलेजात हे वाचेल तेव्हा त्याला वाटेल, बाबा खोटं बोलले. मग श्रद्धाही जाईल.

नेरूळचे बाबा:
पटलं नाही. माणसांचे आकडे बदलत राहतात.

राबोडीचा रहिवासी:
मी मुसलमान आहे. १३२१ वर बोलायचंय. त्या साधूंना काझीसमोर उभं केलं होतं, हे मी वाचलंय. बारा वर्षांच्या मुलाला एवढंच सांगितलंत तर सोमवारी शाळेत तो माझ्या मुलीकडे कसा बघेल? पोर्तुगीज म्हटल्यावर तुमची मुलगी रडली, ताई. माझीही रडेल.

तलावपाळीची आई:
दादा, तुमचं वाचून रात्रभर झोप लागली नाही. ओडोरिकची हकीकत पुन्हा काढून वाचली. ज्या अधिकाऱ्याने साधूंना मारलं त्याला दिल्लीच्या मुसलमान सुलतानानेच देहदंड दिला, असं तोच लिहितो. हे माझ्या टिपणात नव्हतं. गोष्ट मी हुतात्म्यांपाशी थांबवली होती. आता शेवटपर्यंत सांगेन.

कळव्याचा इतिहास शिक्षक:
बघा, ही दुरुस्ती तुम्ही पुरावा पुन्हा वाचून केलीत. यात ख्रिस्ती नजर कुठे आली?

तलावपाळीची आई:
आली, सर. आमच्याकडे पापनिवेदन आहे. आधी स्वतःचं पाप बोलायचं, शेजाऱ्याचं नाही. १२ मार्च २००० ला पोप दुसरे जॉन पॉल यांनी रोममध्ये सगळ्या जगासमोर चर्चच्या लेकरांच्या पापांची क्षमा मागितली. ख्रिस्ती नजर म्हणजे मला हे अभिप्रेत आहे, आणि माझ्या पहिल्या यादीत तेच नव्हतं, हे तुम्ही दाखवलंत. १४५५ ला एक पूर्ण रविवार देणार, गोव्याला दुसरा. विल्बरफोर्स त्यानंतर.

कळव्याचा इतिहास शिक्षक:
तरी 'नजर' शब्दाला माझा विरोध कायम. पोपच्या त्या आज्ञेचा इंग्रजी तर्जुमा माझ्याकडे आहे. मराठी करून पाठवतो, मुलांना मूळच वाचू दे.