बैठकीसाठी कागदावरचं अमूर्त रेखाचित्र, बजेट ६ हजार (फ्रेमसकट)

लातूर_वाडा: मोजक्या रेषांचं चित्र घ्यायचंय. संभाजीनगरच्या एका तरुण चित्रकाराची दोन बघून ठेवलीत. एक पेन्सिलच्या आडव्या रेषा, दुसरं निळ्या बॉलपेनचं. पश्चिमेच्या खिडकीतून ऊन थेट भिंतीवर येतं. चांगलं कुठलं, ओळखायचं कसं?

बीडकर: कॅनव्हासच घ्या. १५-२० हजारात ३ बाय ४ फूट येतं, काचेची कटकट नाही. कागदाला कसर लागते.

रेघ_आणि_रिकामं: ताई विचारायल्यात काय, तुम्ही सांगायलात काय! ताई, चित्र टेबलावर ठेवून एका बाजूनं टॉर्च मारा. पेन्सिल दाबली तिथं कागदात चर दिसतो, ग्रॅफाइट (पेन्सिलचं शिसं) चमकतं. रेष कुठं सुरू झाली, कुठं उचलली ते बघा. मग रेषा सोडून दोन रेषांमधलं अंतर बघा. ते थोडं थोडं कमी होत गेलं की सपाट कागद वळल्यासारखा वाटतो. रेषांचीच अमूर्त चित्रं काढणाऱ्या चित्रकार नसरीन मोहमदी यांची १९७० च्या दशकातली कामं पट्टी न्‌ ड्राफ्टिंगच्या (नकाशे आखायच्या) साधनांनी केलेली, तरी अंतरामुळंच हलतात. दाब आणि अंतर सगळीकडं एकसारखं आणि त्यामागं कारण दिसत नसेल, तर ती आखीव वही.

परभणी७७: अमूर्त चित्रकार वासुदेव गायतोंडे बघा आधी. आपल्या नागपूरचे.

बीडकर: ते तैलरंगवाले. म्हणूनच म्हणलं, कॅनव्हास.

परभणी७७: १९८० च्या दशकात कागदावर शाईनंही केलंय त्यांनी. बघून बोला.

काच_माउंट: बॉलपेनची शाई उन्हात उडते. त्या भिंतीवर ते नकोच, ग्रॅफाइट टिकतं. मात्र कागद पिवळा पडतोच, तेव्हा भिंत बदला. फ्रेमवाल्याला सांगा: माउंट (चित्राभोवतीचा पुठ्ठा) आम्लमुक्त, कागद काचेला टेकायचा नाही. टेकला की पावसाळ्यात ओल धरून बुरशीचे ठिपके येतात. मागं उघडं एमडीएफ (लाकडी भुशाचा दाबलेला बोर्ड) नको. चित्र वरच्या कडेला दोनच जागी, जपानी टिश्यू (पातळ पण चिवट कागद) आणि गव्हाच्या खळीनं अडकवायचं. चारी बाजू चिकटवल्या तर कागदाला फुगायला जागा राहत नाही, लाटा पडतात. सेलोटेप, फेविकॉल अजिबात नाही.

बीडकर: कसरीचं सांगितलंच होतं मी.

देवगिरी_कागद: दौलताबादजवळच्या कागजीपुऱ्याचा हातकागद (हातानं बनवलेला कागद) असेल तर डोळे झाकून घ्या.

काच_माउंट: डोळे उघडे ठेवा. हातकागद म्हणून टिकाऊ होत नाही. लगदा कापसाचा आहे का, आम्लमुक्त आहे का, ते विचारा.

लातूर_वाडा: टॉर्च मारून बघितलं. पेन्सिलचं सगळीकडं सारखंच. बॉलपेनच्या चित्रात खालच्या तिसऱ्या भागात रेषा दाटतात, शाईचे बारके गोळे राहिलेत, तिथून नजर हटेना. तेच घेतलं, साडेतीन हजारात. फ्रेम करणार नाही. कपाटात सपाट ठेवायचं, बघावं वाटलं की टेबलावर काढायचं.

रेघ_आणि_रिकामं: भिंत रिकामी राहिली की मग.

काच_माउंट: पीव्हीसीच्या फोल्डरात घालू नका, शाई प्लास्टिकला चिकटते. आम्लमुक्त कागदाच्या घडीत ठेवा. कपाटाचा तळकप्पाही नको, ओल तिथंच आधी येते.