मी पण, मीपण आणि तो पण

परवा आमच्या नातेवाइकांच्या व्हॉट्सअ‍ॅप गटावर कोजागरीला कोण कोण येणार अशी विचारणा झाली. धाकट्या मावसभावाने उत्तर टाकलं, 'मीपण'. एवढंच, मध्ये जागा न सोडता. शिक्षकी पेशातून निवृत्त झालेल्या आमच्या मामीने लगेच लिहिलं, 'ते घरी ठेवून ये.' बिचाऱ्याला शेवटपर्यंत कळलं नाही, मामी काय ठेवून यायला सांगते आहे ते.

त्या निमित्ताने 'पण' खणायला घेतला. निघालं असं, की हा एक शब्द नाहीच. वेगवेगळ्या घराण्यांतले तीन-चार शब्द झिजत झिजत मराठीत येऊन एकसारखे दिसायला लागलेत.

पहिला 'परंतु' या अर्थाचा. हा संस्कृत 'पुनर्' मधून आला. पुनर् म्हणजे पुन्हा. प्राकृतात त्याचं पुण, उण झालं, पालीत पुन आणि पन. कोकणीत अजून 'पूण' म्हणतात. 'पुन्हा' वरून 'शिवाय', आणि 'शिवाय' वरून 'परंतु' असा अर्थ सरकत गेला. बोलताना आपण आजही तेच करतो की: एक मुद्दा मांडायचा आणि मग दुसऱ्या बाजूने 'पुन्हा असंय बघ' म्हणून सुरू व्हायचं. आमच्या वर्गात खेड्यातून येणारी मुलं 'पन' म्हणायची आणि बाकीचे त्यांना हसायचे, त्यात मीही होते. पालीतही तो 'पन'च आहे, हे तेव्हा कोणी सांगितलं असतं तर!

'मी पण येतो' मधला पण हाच. याला काही शुद्धिवादी नाकं मुरडतात, 'मीही' किंवा 'मीसुद्धा' म्हणा म्हणतात. मला ते पटत नाही. गुजरातीत 'हुं पण आवुं छुं' हे रोजचं वाक्य आहे आणि 'परंतु'लाही तिथे पणच. मुळातच 'पुन्हा, आणखी' हा अर्थ असलेल्या शब्दाने 'सुद्धा'चं काम केलं तर बिघडलं कुठे?

दुसरा पण शेपटासारखा मागे चिकटणारा: लहानपण, म्हातारपण, शहाणपण. याचा पुनर्‌शी काही संबंध नाही. वेदांत भाववाचक नामं करायला 'त्व'च्या जोडीला 'त्वन' असा प्रत्यय होता, त्याचा हा वंशज. त्व चा प्प होणं प्राकृतात नवल नाही, 'आत्मन्' चं 'अप्पा' झालं तीच चाल. हिंदीतला बचपन, गुजरातीतलं बाळपण आणि मामीने घरी ठेवायला सांगितलेलं मीपण, सगळी एकाच कुळातली.

इथे मराठीने एक गंमत केली आहे. 'ते पण' आणि 'तो पणा' अशी दोन रूपं ठेवली आणि त्यांना वेगवेगळी कामं दिली. 'तिला शहाणपण आलं' हे कौतुक. 'जास्त शहाणपणा करू नकोस' ही तंबी. फरक एका कान्याचा. मोठेपण वयानेही येतं, मोठेपणा दाखवावा लागतो. सगळ्या जोड्यांत इतका चोख फरक नाही हे मान्य, वेडेपण आणि वेडेपणा मी तरी कसेही वापरते.

तिसरा पण पुल्लिंगी, पैजेचा. 'प्राण पणाला लावले', 'नेत्यांची प्रतिष्ठा पणाला'. निवडणुकीच्या बातमीत हा नसेल तर छापायला परवानगी मिळत नसावी. हा शुद्ध संस्कृत. धातुपाठात, म्हणजे संस्कृत धातूंच्या जुन्या यादीत, 'पण्' धातूचा अर्थ व्यवहार आणि स्तुती असा दिला आहे आणि या व्यवहारात खरेदी-विक्री येते, तसा जुगारही येतो. म्हणजे द्यूतात लावलेला पण आणि 'कृषी पणन मंडळ' या पाटीवरचा पणन सख्खे भाऊ. कांद्याचा भाव ऐकून बाजारातून परतणाऱ्या शेतकऱ्याला हे व्युत्पत्ती न शिकवता कळतं.

आणि हाच पण नाणंही होता. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात दंड पणांत मोजले आहेत: 'साहस' म्हणजे जबरीच्या गुन्ह्यांना पहिल्या पायरीवर ४८ ते ९६ पण, मधल्या पायरीवर २०० ते ५००, सर्वांत वरच्या पायरीवर ५०० ते १०००.

सगळे एका वाक्यात बसवून पाहिले: 'पण लहानपणी लावलेला तो पण पण त्यानेच जिंकला.' चार पण आहेत आणि मोठ्याने वाचलं तर अर्थ बरोबर लागतो. पाचवा कोणी बसवून दाखवला तर ऐकायला आवडेल.

प्रतिसाद :

छान. माझी थोडी दक्षिणेकडची भर. मी बंगळुरात बरीच वर्षं आहे. इथे पैशाला 'हण' म्हणतात, तो तुमचा नाण्याचा पणच. जुन्या कन्नडातला शब्दारंभीचा प पुढे ह झाला. तमिळमधला वाघ 'पुलि', कन्नडात 'हुलि'. दूध 'पाल्', इकडे 'हालु'. तसा पण गेला आणि हण आला. रोजच्या बोलण्यात मात्र 'दुड्डु' जास्त. दुकानदार पहिल्यांदा 'हण कोडि' म्हणाला, तेव्हा माझ्या मराठी कानांनी 'हाण' ऐकलं आणि मी एक पाऊल मागे सरकलो होतो.

तमिळ आणि मल्याळममध्ये 'पणम्' म्हणजे पैसा, आजही. त्रावणकोर संस्थानात ४ चक्रम् म्हणजे १ पणम् आणि ७ पणम् म्हणजे १ रुपया असा हिशोब होता. युरोपीय व्यापारी त्याला फनम म्हणत. शिवकालातला 'होन' या 'हण'वरूनच आला का?

प्रतिसाद :

नाही, लेख लिहिताना तो मोह मलाही झाला होता. होन कन्नड 'होन्नु'वरून, म्हणजे सोनं. हण वेगळा. दोन्ही कन्नडातले, दोन्ही पैशाचे, तरी नातं नाही.

आणखी एक राहिलं. संस्कृतात 'आपण' म्हणजे दुकान, बाजार. आपलं 'आपण' आत्मन् वरून आलेलं, ते निराळंच. तरी कापडाच्या दुकानात गादीवरचा माणूस अदबीने 'आपण काय घेणार?' म्हणतो, तेव्हा आता मला हसू आवरत नाही. पणतूमधला पण मात्र यांपैकी कोणीच नाही. तो 'प्रणप्तृ' मधला प्र.

'सुद्धा'साठी तुमच्याकडे काय म्हणतात तेही लिहा. आमच्या आजोळी 'मी बी येतो' असायचं, आणि मामीच्या मते त्यात मीपण येण्याचा धोका नाही.