‘मँचेस्टरला कोणी दोरी बांधून नेले नव्हते’ या विधानाच्या निमित्ताने

वाचनवेडी

परवा दुसऱ्या एका चर्चेत ‘उलटतपासणी’ यांनी लिहिले की एकोणिसाव्या शतकातील इंग्रज मजुराच्या हालांचे रडगाणे आता पुरे झाले. गावात अर्धपोटी राहणारा माणूस मँचेस्टरला स्वतःहून चालत गेला, त्याला कोणी दोरी बांधून नेले नव्हते, आणि गिरणीने त्याला जे दिले ते त्याच्या गावाने शंभर वर्षांत दिले नसते. उत्तर तेथेच द्यायचे होते, परंतु ते लांबत गेले आणि रागही आवरेना, म्हणून हा स्वतंत्र धागा.

माणूस मजुरीसाठी गेला आणि ती त्याला रोख मिळाली, हे मला मान्य आहे. परंतु मजुरी गिरणीच्या दारात मिळते आणि माणूस राहतो गल्लीत. त्या गल्लीचा हिशेब आपल्या विधानात कोठेच नाही. १८०१ साली पाऊण लाखाच्या आसपास वस्ती असलेले हे गाव १८५१ साली तीन लाखांच्या पुढे गेले, आणि त्यातील बराच काळ तेथे निवडून आलेली नगरपालिकाही नव्हती. ती १८३८ साली आली. पाठीला पाठ लावून बांधलेली घरे, ज्यांना ना मागचे दार ना मागची खिडकी. त्यांच्याखाली तळघरे आणि त्या तळघरांतही कुटुंबे. आरोग्यसुधारक एडविन चॅडविक यांच्या मजुरांच्या आरोग्यावरील १८४२ च्या अहवालात मँचेस्टरमधील मजूर कुटुंबांतील मृत्यूचे सरासरी वय १७ दिले आहे आणि रटलंड या शेतीप्रधान परगण्यातील मजुरांचे ३८. अधिक बोचणारी गोष्ट अशी की मँचेस्टरमधील सुखवस्तू वर्गाचेही वय ३८च होते. म्हणजे शहरातला वकील आणि खेड्यातला शेतमजूर मरणाच्या बाबतीत एकाच पायरीवर.

पुढे परिस्थिती सुधारली, हे खरेच. परंतु ती कायद्याने, नळाने आणि गटाराने सुधारली, आणि त्यांतील प्रत्येक गोष्ट घरपट्टी वाढेल या भीतीपोटी वर्षानुवर्षे अडवून धरली गेली. १८५४ साली चॅडविक यांना आरोग्य मंडळावरून जावे लागले तेव्हा लंडनच्या ‘टाइम्स’ने, आरोग्याची दांडगाई सोसण्यापेक्षा पटकीची जोखीम पत्करू, अशा आशयाचे लिहिले होते. आपले ‘रडगाणे पुरे’ मला त्याच घराण्यातले वाटते.

उलटतपासणी

माझ्या एका वाक्यासाठी स्वतंत्र धागा उघडल्याबद्दल आभार. आता आपल्या लाडक्या १७ या आकड्याकडे वळू. मृत्यूचे सरासरी वय आणि आयुर्मान या दोन भिन्न गोष्टी आहेत. ज्या शहरात तरुण जोडपी दररोज येत आहेत आणि घरोघरी पाळणे हलत आहेत, तेथे मरणाऱ्यांत बालकांचा वाटा मोठा असणारच. तेवढ्यावरून ते शहर किती घातक होते हे ठरत नाही. बालरुग्णालयातील मृतांचे सरासरी वय वृद्धाश्रमातील मृतांपेक्षा कमी असते, म्हणून कोणी बालरुग्णालय बंद करा असे म्हणत नाही. ही चूक नीसन नावाच्या विमागणितज्ञाने १८४४ सालीच दाखवून दिली होती. पावणेदोनशे वर्षांनंतरही तोच आकडा तोंडावर फेकला जातो याचे मला नवल वाटत नाही, कंटाळा येतो.

खेड्याचे म्हणाल तर डॉर्सेटमधील टॉलपडलच्या शेतमजुरांची मजुरी आठवड्याला ७ शिलिंगांवर आली होती आणि ती ६ करण्याचे घाटत होते. त्यांनी संघटना बांधली, तर १८३४ साली सहा जणांना ऑस्ट्रेलियात काळ्या पाण्यावर पाठवले. ही आपली निर्मळ हवेची, रम्य खेडी! माझे आजोबा दुष्काळात गाव सोडून शहरात आले आणि गावाची आठवण काढून रडताना मी त्यांना कधीच पाहिले नाही. शहराला नावे ठेवणारी मंडळी बहुधा शहरातच जन्मलेली असतात.

वाचनवेडी

१७ हा आकडा मी मागे घेते. नीसन यांचा आक्षेप मला ठाऊक असायला हवा होता. आता आयुर्मानच घ्या. सांख्यिकीतज्ज्ञ विल्यम फार यांनी १८४१ च्या आकडेवारीच्या आधारे काढलेल्या तक्त्यांत जन्माच्या वेळचे आयुर्मान सरे परगण्यात ४५, लंडनमध्ये ३७ आणि लिव्हरपूलमध्ये २६ आहे. येथे पाळण्यांची सबब चालत नाही, कारण वयाची रचना त्यात जमेस धरलेली आहे. बालरुग्णालयाचा दृष्टान्त सुरेख होता, तो दुसरीकडे वापरता येईल.

निवृत्त जलअभियंता

दोघांचेही वाचले. दोघेही चॅडविक, नीसन, फार म्हणत आहात, परंतु ज्यांनी प्रत्यक्ष जमीन खणली त्यांचे नाव अजून कोणी घेतलेले नाही. हे नेहमीचेच आहे.

लंडनच्या पटकीचा विषय निघाला की सगळे जण ब्रॉड स्ट्रीटवरील सार्वजनिक पंपाचा दांडा काढून साथ थांबवल्याची गोष्ट सांगतात. ८ सप्टेंबर १८५४ रोजी तो दांडा काढला तेव्हा साथ आधीच ओसरू लागली होती, आणि हे पटकी पाण्यातून पसरते असे मांडणाऱ्या खुद्द डॉ. जॉन स्नो यांनीच नमूद केले आहे. त्यांचा खरा पुरावा दक्षिण लंडनच्या नळांत होता. एकाच रस्त्यावर दोन कंपन्यांचे नळ होते. साउथवर्क आणि व्हॉक्सहॉल कंपनी टेम्सचे घाण पाणी देत होती, तर लॅम्बेथ कंपनीने आपला उपसा १८५२ साली वरच्या अंगाला, टेम्स डिटनला, हलवला होता. साथीच्या पहिल्या सात आठवड्यांत दर १०,००० घरांमागे पहिल्या कंपनीच्या ग्राहकांत ३१५ मृत्यू झाले आणि दुसऱ्या कंपनीच्या ग्राहकांत ३७. मजुरी तीच, गल्ली तीच, हवा तीच, फरक पाण्याचा. ग्लासगोने १८५९ साली लॉक कॅट्रिन सरोवराचे पाणी शहरात आणले. १८५३-५४ च्या साथीत तेथे जवळपास ४,००० माणसे गेली होती, १८६६ च्या साथीत शंभरही नाहीत. मँचेस्टरने थर्लमिअर तलावाहून १८९४ साली आणलेले पाणी सुमारे ९६ मैल केवळ उतारावर वाहत येते, वाटेत एकही पंप नाही.

एका लहान नगरपालिकेत असताना कावीळ पसरली. जलवाहिनी गटारातून गेली आहे आणि तिचा जोड सडला आहे, हे मी तीन वेळा लेखी कळवले होते. पैसे मंजूर झाले ते चौकातल्या कारंज्यासाठी. तेव्हापासून ‘समाजसुधारणा’ हा शब्द ऐकला की मी आधी नकाशा मागतो.

उलटतपासणी

अभियंता साहेब, आपण माझेच काम हलके केलेत. वाचनवेडी यांचे आराध्यदैवत चॅडविक हे दुर्गंधी म्हणजेच रोग असे मानत होते. त्या समजुतीपायी १८४८-४९ साली लंडनची गटारे धुऊन ती सगळी घाण टेम्समध्ये सोडली गेली, आणि त्याच नदीतून कंपन्या पिण्याचे पाणी उपसत होत्या. १८४९ च्या साथीत लंडनमध्ये सुमारे १४,००० माणसे मेली. शासनाने लक्ष घातले की असे होते.

निवृत्त जलअभियंता

शासनाने लक्ष घातले म्हणून नव्हे, मैलावाहिनीचे तोंड चुकीच्या जागी ठेवले म्हणून. तेच शासन पुढे अभियंते जोसेफ बॅझलगेट यांच्या हातून ८२ मैलांच्या मुख्य वाहिन्या बांधून घेते, आणि १८६६ साली पटकी येते ती प्रामुख्याने पूर्व लंडनमध्ये, जेथे त्यांची व्यवस्था अद्याप पूर्ण झालेली नव्हती. १८५८ च्या उन्हाळ्यात टेम्सची दुर्गंधी पार्लमेंटच्या खिडक्यांतून आत शिरेपर्यंत पैसे मंजूर झाले नव्हते, हेही लक्षात घ्या. सभासदांच्या नाकापर्यंत गेल्याशिवाय कोणतीही निविदा हलत नाही. आणि एवढे करूनही अभियंत्याला कोण ओळखते?

मँचेस्टरकर

बॅझलगेट यांचे स्मारक टेम्सच्या काठावर १९०१ पासून आहे आणि ‘त्याने नदीला साखळदंड घातले’ अशा अर्थाचा लॅटिन मजकूर त्यावर कोरलेला आहे. तेव्हा अभियंत्यांच्या उपेक्षेचे गाऱ्हाणे थोडे आवरते घ्यावे, ही नम्र विनंती.

मी मँचेस्टरच्या अ‍ॅन्कोट्स भागात, सदनिका केलेल्या एका जुन्या गिरणीत राहतो. उघड्या विटा आणि लोखंडी खांब यांचे आम्ही वेगळे भाडे देतो. दहा मिनिटांवर एंजल मेडो आहे, जेथे सुमारे ४०,००० गरिबांना पुरले आणि १८५५ साली वरून फरशा घातल्या. आता तेथे बाग आहे आणि मी रोज संध्याकाळी कुत्र्याला घेऊन जातो. उलटतपासणी यांना विचारावेसे वाटते की चालत आलेल्यांपैकी किती जण या फरशांखाली आहेत.

लालबागची लेक

नळ आणि गटारे यांचे पोवाडे वाचून झाले. आता ग्लासगोची दुसरी बाजू ऐका. तेथे लहान घरांच्या दारावर पत्र्याचे तिकीट ठोकत. आत किती माणसे झोपू शकतात ते त्यावर लिहिलेले असे. रात्री निरीक्षक धाड घालून डोकी मोजत, आणि जास्तीची माणसे कपाटांत आणि छपरांवर लपत. भाडे परवडत नाही म्हणून माणूस दाटीने राहतो आणि दाटीने राहतो म्हणून अपराधी ठरतो. १८६६ साली त्याच शहराने वस्त्या पाडण्यासाठी सुधार ट्रस्ट काढला. पाडणे झपाट्याने झाले, बांधणे रेंगाळले. तोच नमुना पुढे १८९८ साली, प्लेगनंतर, मुंबईत आला. माझ्या आजोबांच्या खोलीत पाळीप्रमाणे झोपणारी अकरा माणसे होती. ज्या साच्यावर ते काम करत त्याच्या बिडावर ओल्डहॅम हे मँचेस्टरजवळच्या गावाचे नाव ओतलेले होते, आणि ओल्डहॅम हे मालकाचे आडनाव आहे असे त्यांना मरेपर्यंत वाटत राहिले. तेव्हा तिकीट लावणाऱ्यांचे कौतुक माझ्यासमोर करू नये.

निवृत्त जलअभियंता

ताई, मी तिकिटांचे नव्हे, लॉक कॅट्रिनचे कौतुक केले होते. दोन्ही निर्णय एकाच नगरपालिकेचे होते हा माझा दोष नाही.

लालबागची लेक

दोष आपला नाही, परंतु नकाशात माणसे दिसत नाहीत ही सवय आपली आहे. आपल्या ९६ मैलांच्या हिशेबात त्या पाण्याचे भाडे कोणी भरले ते येऊ द्या.

उलटतपासणी

अभियंता साहेबांसाठी आणखी एक आकडा. नळ झाले, गटारे झाली, १८७५ चा मोठा आरोग्य कायदा झाला. तरीही इंग्लंड-वेल्समध्ये दर हजार जन्मांमागे बालमृत्यू शतकभर १५० च्या आसपास घुटमळत राहिले, आणि १८९९ साली ते १६३ होते. ते उतरले विसाव्या शतकात. मग सुधारणा नळाने झाली की मजुरी वाढून घरात दूध-भाकरी आली म्हणून झाली?

निवृत्त जलअभियंता

उन्हाळ्यातील अतिसार, घोड्यांची लीद, माश्या आणि नासके दूध. शिवाय ‘गटारे झाली’ हे घाईचे विधान आहे. मँचेस्टरमध्येच शतक सरत आले तरी हजारो घरांत शौचासाठी बादल्याच होत्या आणि त्या गाड्यांतून वाहून नेल्या जात. ज्या घरात बादली आणि दूध एकाच माशीच्या वाटेवर आहेत, तेथे मजुरी वाढली तरी मूल वाचत नाही. आपला आकडा बरोबर आहे. तो माझ्या बाजूचा आहे.

वाचनवेडी

मूळ मुद्द्याकडे कोणी परत येणार आहे का? विषय मजुरांच्या निवडीचा होता. १८३३ च्या कायद्याने कापडगिरण्यांत नऊ वर्षांखालील मुलांना बंदी केली. १८४४ च्या कायद्याने अर्धा दिवस शाळा सक्तीची केली आणि त्याच वेळी कामाचे किमान वय नऊवरून आठवर आणले. आठ वर्षांच्या मुलाने मँचेस्टर स्वतःहून निवडले होते का, एवढे उलटतपासणी यांनी सांगावे.

उलटतपासणी

मुलाने निवडले नव्हते, त्याच्या बापाने निवडले होते; आणि शेतावर पाखरे हाकायला सहा वर्षांचे पोरही जात होते, त्यासाठी तेव्हा निरीक्षक नव्हता. तरीही फार यांचे तक्ते मी काल रात्री पुन्हा पाहिले. लिव्हरपूलच्या २६ ला माझ्याकडे उत्तर नाही. १८४७ साली तेथे उतरलेल्या सुमारे ३ लाख आयरिश लोकांचे कारण पुढे करणार होतो, परंतु तक्ता त्याच्या सहा वर्षे आधीचा आहे. तेव्हा ‘शंभर वर्षांत दिले नसते’ हे शब्द मी मागे घेतो. ‘दोरी बांधून नेले नव्हते’ हे मात्र राहील.

लालबागची लेक

राहू द्या. दोरीचे काम भूक करत होती, हे आपणच टॉलपडलच्या परिच्छेदात लिहून ठेवले आहे.