रॉक बंद केला आणि अ‍ॅक्टिनचे दोरेच गेले, असं का?

कॉलेजरोडची_बायोटेक:
एमएस्सी सेकंड इयरला आहे. प्रोजेक्टमध्ये फायब्रोब्लास्ट पेशींवर वाय-२७६३२ (रॉक हे एन्झाइम अडवणारं औषध) टाकलं, १० मायक्रोमोलर, अर्ध्या तासाने फिक्स करून फॅलॉइडिनने रंगवल्या (ते पेशीतल्या अ‍ॅक्टिन प्रथिनाच्या धाग्यांना चिकटतं). कंट्रोलमध्ये या टोकापासून त्या टोकापर्यंत जाड हिरवे दोरे, आणि औषधवाल्यांत दोरे जवळपास गायब, मागे लांबलचक शेपट्या. रॉक तर कायनेज, फॉस्फेट चिकटवणार एवढंच, अ‍ॅक्टिनला हातही लावत नाही मग दोरे गेले कुठे? व्हायवा आहे, प्लीज सांगा कोणीतरी.

पिंपळगावकर:
ताई, घरची द्राक्षबाग आहे म्हणून मांडवावरून सांगतो. नुसती तार टाकून मांडव होत नाही, ती ताणावी लागते. अ‍ॅक्टिन ही तार आणि ओढणारा मायोसिन. मायोसिनच्या लाइट चेनवर, म्हणजे त्याच्या एका छोट्या तुकड्यावर, फॉस्फेट बसला की तो ओढायला लागतो आणि एक फॉस्फेटेज तो फॉस्फेट सारखा काढत असतो. रॉक लाइट चेनवर स्वतः फॉस्फेट बसवतोच, वर त्या फॉस्फेटेजच्या एमवायपीटी१ या भागावर पण बसवून त्याला गप्प करतो. तुम्ही रॉक अडवलात, फॉस्फेटेज मोकळं सुटलं, ताण गेला, आणि हे दोरे ताणावरच टिकतात हो. शेपटीचं पण तेच, मागचं टोक ओढून घ्यायला मायोसिनच लागतो.

पेशीवेडा_सिडको:
बरोबर, पण निम्मंच झालं. कोफिलिन राहिलं, ते अ‍ॅक्टिनचे धागे तोडतं, कात्रीच म्हणा. रॉक लिम कायनेजला चालू करतो आणि लिम कायनेज कोफिलिनच्या ३ नंबरच्या सेरीनवर फॉस्फेट ठेवतो की कात्री बंद. रॉक अडवला की कात्री परत चालू. पण रॅक नावाच्या दुसऱ्या प्रथिनाकडून पॅक नावाचा कायनेज पण लिम कायनेजला चालू करतो, म्हणून कात्री किती मोकळी झाली ते गृहीत धरू नका, फॉस्फो-कोफिलिनचा (फॉस्फेट बसलेल्या कोफिलिनचा) ब्लॉट करा, म्हणजे ते किती आहे ते दिसेल. व्हायवात हे नक्की विचारतील.

कॉलेजरोडची_बायोटेक:
आत्ता कळलं, मी अ‍ॅक्टिनच कमी झालं समजत होते!! ब्लॉटमध्ये एकूण अ‍ॅक्टिन दोन्हीकडे सारखंच आलेलं, तेच मला चुकलंय वाटत होतं.

पिंपळगावकर:
नाही चुकलं, माल तोच आहे फक्त बांधणी सुटली. एक प्लेट औषध धुवून थोडा वेळ ताज्या मीडियात ठेवा आणि मग रंगवा. दोरे परत दिसले तर पेशी मेल्या नव्हत्या हे तिथेच दाखवता येईल.