मदत हवी आहे: सोशल अँग्झायटीसाठी एल-थियानिन कुणी घेतलंय का?

माझ्या धाकट्या भावाला चारचौघांत बोलायचं म्हटलं की घाम फुटतो. व्हायवाला उत्तर येत असूनही तोंडातून शब्द फुटत नाही, हातातलं जर्नल थरथरायला लागतं. लग्नकार्यात पंगतीला बसायचंही टाळतो. मानसोपचारतज्ज्ञांनी एस्सिटालोप्राम (चिंता आणि नैराश्यावरची गोळी) सुरू केलंय, थोडा फरक आहे.

आता जिममधल्या कुणीतरी त्याला एल-थियानिन आणि ५-एचटीपी घ्यायला सांगितलंय. एल-थियानिन म्हणजे चहाच्या पानातलं अमिनो आम्ल. कॅप्सूल बहुधा २०० मिलिग्रॅमची मिळते. त्याने कुणाला खरंच उपयोग झालाय का? झोप, पोट, डोकेदुखी, जो काही अनुभव असेल तो सांगा.

५-एचटीपीची मात्र मला धास्ती वाटते. त्यापासून शरीरात सेरोटोनिन (मूडशी संबंधित रसायन) तयार होतं, आणि एस्सिटालोप्रामही त्याचाच प्रभाव वाढवतं, म्हणून दोन्ही सोबत घेतलं तर सेरोटोनिन सिंड्रोमचा, म्हणजे ते घातक प्रमाणात वाढण्याचा धोका असतो. ती बाटली मी सध्या माझ्याच कपाटात ठेवलीय. डॉक्टरांना विचारल्याशिवाय काहीच सुरू करणार नाही, पण अपॉइंटमेंट पुढच्या आठवड्यात आहे.

आणि मराठीतून सीबीटी (विचार आणि वागण्याच्या सवयी बदलायला मदत करणारी थेरपी) करणारं, शक्यतो ऑनलाइन, कुणी माहीत असेल तर प्लीज कळवा. मला वाटतं, गोळ्यांपेक्षा त्याला त्याचीच जास्त गरज आहे.